राजदूत ३५० घ्यायची, उभी करायची, चालवायची : नागपुरात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

शंकरनगर चौकात सिग्नलला थांबलो की शेजारच्या गाडीची काच हमखास खाली येते. "आरडी ना ही? अजून चालते?" हिरवा दिवा लागेपर्यंत एखाद्या प्रश्नाचं उत्तर देऊन होतं, बाकीचे तसेच राहतात. ते सगळे इथे घेतले आहेत. माझ्याकडे एक राजदूत ३५० आहे, एचटी प्रकारातली. ती पोत्यांत भरून घरी आली होती आणि आज दर रविवारी रामटेकला जाऊन येते. मधल्या काळात जे शिकलो, तेवढंच लिहितो.

राजदूत ३५० आणि यामाहा आरडी ३५० एकच का?

हो, गाडी मुळात एकच. यामाहाची आरडी ३५० जपानात १९७० च्या दशकात बनत होती. एस्कॉर्ट्सने परवाना घेऊन ती १९८३ पासून भारतात राजदूत ३५० या नावाने बनवली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, हवेने थंड होणारं इंजिन आणि सहा गिअर. त्या काळी रस्त्यावर बुलेट, येझदी आणि एस्कॉर्ट्सचीच १७५ सीसी राजदूत दिसायची. त्यात ही गाडी आली आणि १५० किमीच्या आसपास पळू लागली. किंमत सुमारे १८,००० रुपये, म्हणजे नोकरदार माणसाच्या आवाक्याबाहेर. अॅव्हरेजही जेमतेम. दशक संपता संपता उत्पादन बंद झालं. विकली गेली कमी, आणि जिच्यासाठी लोक हळहळतात ती हीच.

एचटी आणि एलटी म्हणजे काय? कोणती घ्यावी?

एचटी म्हणजे हाय टॉर्क, ३०.५ बीएचपी. ही आधी आली. एलटी म्हणजे लो टॉर्क, २७ बीएचपी. पेट्रोल कमी प्यावं म्हणून पोर्ट आणि एक्झॉस्ट आवळून ती नंतर काढली. जपानी आरडी ३९ बीएचपीची होती, म्हणजे आपल्याकडची एचटीसुद्धा सौम्य केलेलीच.

बाजारात एचटीला जास्त भाव आहे, म्हणून एलटीला एचटीचे स्टिकर लावून विकतात. माझं मत विचाराल तर जिचे भाग पूर्ण आहेत आणि कागद स्वच्छ आहेत, ती घ्या. अर्धवट एचटीपेक्षा पूर्ण एलटी केव्हाही चांगली. साडेतीन बीएचपी रामटेकच्या रस्त्यावर जाणवत नाहीत. हरवलेला हेडलाइटचा कान, म्हणजे तो धरून ठेवणारी पट्टी, मात्र दोन वर्षं शोधावा लागतो.

विकत घेताना नेमकं काय पाहू?

रंग पाहू नका. रंग नवा असेल तर उलट जास्त सावध राहा.

आधी चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा. नंबरावरून नख फिरवा. घासून पुन्हा ठोकलेला नंबर नखाला खोलगट लागतो आणि अक्षरं एका रेषेत नसतात. मग इंजिनाचे पंखे पाहा. सिलिंडरच्या कूलिंग फिन तुटल्या असतील तर गाडी जोरात पडलेली आहे किंवा कुणीतरी हातोडा चालवला आहे. दोन्ही साइड पॅनल, दोन्ही मीटर, टाकीचं झाकण, मूळ सायलेन्सर आणि ऑइल पंप जागेवर आहे का, याची यादी करून खूण करत जा. इंजिनाचं काम पैसे मोजले की होतं. हे भाग पैसे मोजूनही मिळतीलच असं नाही.

शेवटी गाडी थंड असतानाच किक मारायला सांगा. मालकाने तुम्ही पोचायच्या आधीच गाडी तापवून ठेवली असेल, तर चहा मागवा आणि तासभर गप्पा मारा.

गाडी स्वस्त मिळतेय, पण कागद नाहीत. घेऊ का?

नाही. सुट्या भागांसाठी घेत असाल तरी नाही. चोरीच्या गाडीचं इंजिन तुमच्या अंगणात सापडलं तर तुमची हौस कुणी ऐकून घेणार नाही.

कागद आहेत पण गाडी दुसऱ्या जिल्ह्यातली किंवा राज्यातली असेल, तर तिथल्या आरटीओची एनओसी आधी, पैसे नंतर. जुन्या मालकाचं निधन झालं असेल तर वारसांच्या सह्या घ्याव्या लागतात. हे काम कंटाळवाणं आहे, पण गाडी खोलायच्या आधीच उरका. खोललेली गाडी तपासणीला नेता येत नाही.

कामाची सुरुवात कुठून करायची?

सगळ्यांची सुरुवात डेंटिंग-पेंटिंगपासून होते, आणि बहुतेक गाड्या तिथेच बसतात. माझीही बसली होती. टाकी आणि पॅनल रंगवायला दिले. लाल रंग, पांढरी पट्टी, पाहत राहावं असं काम झालं. त्यात पैसे संपले. चकचकीत टाकी दीड वर्ष चादरीत गुंडाळून दिवाणाखाली पडून होती आणि इंजिन पोत्यात गंजत होतं. शेवटी इंजिन सुरू झालं तेव्हा पहिल्याच दिवशी कॉकमधून पेट्रोल गळलं आणि त्या रंगाला फोड आले. टाकी पुन्हा रंगवावी लागली.

म्हणून माझा क्रम आता उलटा आहे. आधी इंजिन, मग ब्रेक आणि चाकं, मग वायरिंग. त्यानंतर गाडी त्याच जुन्या, पोपडे निघालेल्या रूपात किमान ५०० किमी चालवायची. जे गळायचं ते गळू द्या, जे सैल व्हायचं ते होऊ द्या. मगच खोलून रंग द्या. या ५०० किमीत लोक विचारतात, "भाऊ, रंग कधी मारता?" मारू म्हणायचं.

खोलताना प्रत्येक टप्प्याचे मोबाइलवर फोटो काढा आणि एकेका जागेचे बोल्ट वेगळ्या पिशवीत चिठ्ठीसकट ठेवा. एक गोष्ट कळकळीने सांगतो. जुना भाग कितीही खराब दिसला तरी नवा बसून गाडी चालेपर्यंत तो टाकू नका, आणि वर्कशॉपला देताना यादीवर सही घ्या. माझ्या गाडीचे मूळ जपानी रीड वाल्व्ह (कार्बोरेटर आणि इंजिनाच्या मधल्या झडपा) एका वर्कशॉपमध्ये "खराब होते, फेकले" असं म्हणून गेले. ते खराब नव्हते. त्यांच्या पातळ स्टीलच्या पाकळ्या मी स्वतः उजेडासमोर धरून पाहिल्या होत्या, कडेला एकही टवका नव्हता. तसा जोड मला आजवर मिळालेला नाही.

इंजिनाचं काम म्हणजे फक्त बोअर-पिस्टन ना?

मिस्त्री ज्याला "हाफ इंजिन" म्हणतात ते बोअर-पिस्टन. या गाडीला तेवढं पुरत नाही.

टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवा आधी क्रँकच्या, म्हणजे पिस्टनखालच्या फिरत्या दांड्याच्या, पोटात येतात आणि तिथून वर जातात. म्हणजे ते पोट हवाबंद असायलाच हवं. आरडीत दोन सिलिंडरची दोन वेगळी पोटं आहेत, मध्ये लॅबिरिंथ सील आणि दोन्ही टोकांना रबरी ऑइल सील. चाळीस वर्षांत रबर दगड झालेलं असतं. उजवीकडचं, म्हणजे क्लचच्या बाजूचं सील गेलं तर इंजिन गिअरबॉक्सचं तेल ओढतं. पांढरा धूर निघतो, त्या बाजूचा प्लग ओला होतो आणि तेलाची पातळी उतरते. हे दिसतं, म्हणून माणूस सावध होतो. डावीकडचं, मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं तर फुकटची हवा आत शिरते. धूर नाही, गळती नाही. उलट गाडी जास्तच मोकळी पळते असं वाटतं. मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, आणि पिस्टन तापत जातो.

त्यामुळे क्रँक बाहेर काढा, चारही मेन बेअरिंग आणि सील बदला. रॉडच्या मोठ्या टोकाला वरखाली हलका जरी खेळ लागला तरी रॉड किट घाला. हा क्रँक दाबून जोडलेला असतो, तो हायड्रॉलिक प्रेसवर उघडतो. जोडल्यावर डायल गेज लावून तो सरळ आहे हे पाहावं लागतं. तीन-शतांश मिलिमीटरच्या पुढे डगमग नको. हातोड्याने अंदाजे सरळ करणाऱ्याच्या हाती क्रँक देऊ नका. हिंगणा एमआयडीसीत लेथ आणि होनिंगची नीट मापं घेऊन कामं होतात. तिथे स्वतः जा आणि गेजवरचा काटा स्वतः बघा.

पिस्टन ०.२५ मिमीच्या पायऱ्यांनी मोठे मिळतात, एक मिमीपर्यंत. आधी पिस्टन विकत घ्या आणि त्या पिस्टनच्या मापाने सिलिंडर बोअर करून घ्या, दोन्ही वेगवेगळे मोजून. कामानंतर इंजिन जोडलं की प्रेशर टेस्ट करा. एक्झॉस्ट आणि कार्बोरेटरची तोंडं बंद करून ६ पीएसआय हवा भरा. सहा मिनिटं काटा टिकला पाहिजे. उतरत असेल तर साबणाचं पाणी लावून बुडबुडा शोधा.

नवतपात, म्हणजे मेअखेरच्या रणरणत्या नऊ दिवसांत, इंजिन सीझ होतं (पिस्टन आवळून अडकतो) म्हणतात. उन्हाळ्यात गाडी बंदच ठेवू का?

माझीही सीझ झाली आहे. मे महिना, अमरावती रोड, कोंढाळीच्या अलीकडे, दुपारचे दोन. पाचव्या गिअरला गाडी छान चालली होती. एक क्षण अंगातलं बळ गेल्यासारखी ती मंदावली आणि मागचं चाक किंचाळलं. क्लच दाबला म्हणून पडलो नाही. बाभळीखाली बसून राहिलो. हवेत तापलेल्या लोखंडाचा वास होता आणि इंजिन टिक-टिक करत गार होत होतं.

लोक म्हणाले, ऊन. मीही तेच धरलं. घरी हेड आणि सिलिंडर खोललं तर उजवा पिस्टन गुळगुळीत आणि डाव्यावर एक्झॉस्टच्या बाजूला उभे चार ओरखडे, नख अडकेल इतके खोल. डावा प्लग चुन्यासारखा पांढरा. ऊन दोन्ही सिलिंडरला सारखंच लागलं होतं ना? मग एकच का गेला? डावं क्रँक सील गेलं होतं. आदल्या आठवड्यात थ्रॉटल सोडल्यावरही आरपीएम लगेच खाली येत नव्हता. ती सूचना होती, आणि मी ती कार्बोरेटरच्या माथी मारली.

उन्हात हवा विरळ होते. १० अंशांच्या डिसेंबरच्या पहाटेपेक्षा ४५ अंशांच्या दुपारी ती सुमारे अकरा टक्क्यांनी पातळ असते. म्हणजे तीच जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक) ठेवली तर उन्हाळ्यात मिश्रणात पेट्रोल थोडं जास्तच होतं. खरा धोका तापलेल्या पंख्यांचा आहे, कारण त्यांना थंड करणारी हवाच गरम असते. म्हणून दुपारी बारा ते चार गाडी काढू नका, एकाच वेगाने मैलोनमैल पूर्ण थ्रॉटल धरू नका, आणि गर्दीत अडकलात तर इंजिन बंद करा. सील, जेट आणि ठिणगीचं टायमिंग बरोबर असेल तर उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ खुशाल चालवा.

हिवाळ्याचं कुणी बोलत नाही, पण जपायचं तेव्हाच. गार हवा घट्ट, म्हणून मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. त्यात किक मारली की लगेच पळवायची सवय. पिस्टन लवकर तापून फुगतो, बाहेरचं सिलिंडर अजून गारच असतं, आणि तो आवळला जातो. माझे मिस्त्री सांगतात, "पिस्टनले आंदी हातपाय मोकळे करू द्या भाऊ, मंग पळवा." पहिले दोन-तीन किलोमीटर अर्ध्याहून कमी थ्रॉटल, एवढंच.

ऑइल पंप काढून पेट्रोलमध्येच तेल मिसळावं का?

मिस्त्री लोकांना हे आवडतं, कारण पंप बिघडला तर ठपका त्यांच्यावर येतो. मी पंप ठेवलेला आहे. यामाहाचा हा ऑटोल्युब पंप इंजिनाच्या वेगाप्रमाणे आणि थ्रॉटलप्रमाणे तेल कमीजास्त देतो. मिसळलेल्या तेलाला ते जमत नाही. चिखलदऱ्याचा घाट उतरताना थ्रॉटल बंद आणि इंजिन जोरात फिरत असतं. तेल पेट्रोलमध्ये असेल तर नेमकं तेव्हा इंजिनाला तेल मिळत नाही.

पंप सुरू करण्याआधी नळीतली हवा काढा, केबलची खूण जुळवा आणि तेलाच्या टाकीतली पातळी रोज बघा. इंजिनाचं काम नवं असेल तर पहिल्या टाकीला पंप चालू ठेवून वर थोडं तेल मिसळा. पंप मेलाच असेल तर नवा मिळेपर्यंत लिटरमागे ३० ते ३५ मिली चांगलं टू-टी तेल.

दोन कार्बोरेटर जुळतच नाहीत. काय करू?

आधी पॉइंट बघा. प्रत्येक सिलिंडरला ठिणगी पाडणारा स्वतंत्र सीबी पॉइंट आणि स्वतंत्र टायमिंग आहे. पॉइंटचं अंतर ०.३ ते ०.४ मिमी ठेवा. टायमिंग डायल गेजने दोन्हीकडे वेगवेगळं लावा. हे चुकलेलं असेल तर कार्बोरेटरशी दिवसभर झटलात तरी फळ नाही.

मग एअर फिल्टर काढा, दोन्ही कार्बोरेटरच्या तोंडात एकेक बोट घाला आणि कुणाला तरी थ्रॉटल हळू फिरवायला सांगा. दोन्ही स्लाइड एकाच क्षणी हलल्या पाहिजेत. बोटाला जो फरक कळतो तो डोळ्याला दिसत नाही. फरक असेल तर केबलच्या अॅडजस्टरने काढा. एअर स्क्रू दीड फेऱ्यांपासून सुरू करा. नंतर मोकळ्या रस्त्यावर पळवून, क्लच दाबून आणि इंजिन जागीच बंद करून प्लग काढा. रंग चॉकलेटी हवा, दोन्हींचा सारखा. मिस्त्रींचं म्हणणं असं, की हे दोघं जुळे भाऊ आहेत, "एकाले जेवू घालसान अन् दुसऱ्याले उपाशी ठेवसान तं घरात भांडनच होईन."

ब्रेक इतके कमजोर का?

जपानी आरडीला पुढे डिस्क होता. आपल्याकडे पुढे ड्रम दिला, दोन लिडिंग शूचा (शू म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारी पट्टी). गाडीची बदनामी इंजिनापेक्षा या ब्रेकमुळे जास्त झाली.

तरी नीट लावलेला ड्रम बराच चांगला थांबतो. ड्रम लेथवर गोल करून घ्या, शू त्या गोलाईला घासून बसवा आणि दोन्ही शू जोडणाऱ्या रॉडची लांबी अशी लावा की दोन्ही एकाच वेळी टेकतील. बहुतेक गाड्यांत एकच शू काम करत असतो. केबल नवी, टायर नवे. चाकं १८ इंची असल्याने टायर सहज मिळतात. वापरलेले टायर घालू नका.

सुटे भाग नागपुरात मिळतात का?

बेअरिंग, सील, चेन, टायर, केबल, वायरिंगचं सामान कॉटन मार्केट-घाट रोड भागात मिळून जातं. बेअरिंग आणि सील तर नंबर आणि माप सांगून घ्या, गाडीचं नाव सांगू नका. नाव ऐकलं की भाव वाढतो. पिस्टन, रॉड किट, क्लच प्लेट बाहेरून मागवावे लागतात. मूळ मीटर, सायलेन्सर, साइड पॅनल हे ओळखीतूनच हलतात. त्यासाठी चार आरडीवाल्यांची दोस्ती ठेवा. त्यांना लागेल तेव्हा तुमच्याकडचं द्या.

पंपावरचं इथेनॉलचं पेट्रोल चालेल का?

आता सगळीकडे ई-२० मिळतं, त्यामुळे त्यातून सुटका नाही. या पेट्रोलने मिश्रण काही टक्के पातळ होतं. मेन जेट एक-दोन पायऱ्या मोठी करून प्लगचा रंग पुन्हा पाहा. जुन्या रबरी नळ्या आणि फ्लोट बाउलची रबरं मऊ पडतात, ती बदलून टाका. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटर कोरडे होईपर्यंत इंजिन चालू द्या.

आरटीओचं काय? पंधरा वर्षांनंतर गाडी बाद होते ना?

नागपुरात नाही. दिल्ली परिसरातला नियम ऐकून लोक घाबरतात. आपल्याकडे पहिल्या १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण होतं, अर्ज फॉर्म २५. पर्यावरण कर भरावा लागतो आणि गाडी तपासणीला न्यावी लागते. २० वर्षांपेक्षा जुन्या मोटरसायकलच्या नूतनीकरणाचं शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये वाढून २,००० रुपये झालं. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. शहराची गाडी एमएच-३१, ग्रामीण एमएच-४०, पूर्व नागपूर एमएच-४९. तुमचा पत्ता ज्या कार्यालयात येतो तिथेच जा.

आरडीचे मूळ नंबर बहुधा एमएच येण्याआधीचे, तीन अक्षरी असतात. त्यांची नोंद संगणकावर नसेल तर आधी बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवून घ्यावी लागते. त्याशिवाय विमा, पीयूसी, एचएसआरपी (उच्च सुरक्षा) नंबर पाटी सगळंच अडतं. तो जुना नंबर जपा. मला तर तो गाडीच्या इंजिनाइतकाच तिचा भाग वाटतो.

पीयूसीत २००० च्या आधीच्या टू-स्ट्रोक दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९,००० पीपीएमपर्यंत सूट आहे. नीट जुळवलेली आरडी यात बसते. गाडी तापवून न्या.

विंटेज नोंदणीबद्दलही विचारतात. २०२१ च्या नियमांप्रमाणे त्यासाठी गाडी ५० वर्षांहून जुनी हवी. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पाटीवर व्हीए अक्षरं. पण मग ती रोज रस्त्यावर चालवता येत नाही. १९८३ ची गाडी २०३३ मध्ये तिथे पोचेल. मी तरी साधी नोंदणीच चालू ठेवणार आहे.

डिस्क ब्रेक, सीडीआय (पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन), एक्स्पान्शन चेंबर (फुगीर रेसिंग सायलेन्सर) लावू का?

जे बोल्ट उघडून परत पूर्ववत करता येतं ते लावा. सीडीआय लावला तर पॉइंटची प्लेट पुसून, तेल लावून डब्यात ठेवा. फ्रेम कापणं, वेल्डिंग करणं, पोर्ट घासणं नको. घासलेला पोर्ट परत भरता येत नाही.

पावसाळ्यात काय काळजी घ्यावी?

टाकी काठोकाठ भरलेली ठेवा, रिकाम्या टाकीत आतून गंज चढतो. पोळ्याच्या सुमाराला झाकण उघडून बॅटरी मारून आत बघा. दर पंधरा दिवसांनी गाडी बाहेर काढून पूर्ण तापवा. जागेवर दोन मिनिटं चालू करून बंद केलेली बरी नव्हे, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं.

रोज ऑफिसला नेऊ का?

आठवड्यातून दोन-तीनदा न्या. रोज नको.

मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, मागतोय. देऊ का?

देण्याआधी त्याला सहा महिने सोबत काम करू द्या. पुढचं चाक त्यानेच काढावं, शू त्यानेच घासावेत, केबल त्यानेच ताणावी. या इंजिनाची ताकद हळूहळू येत नाही. मधल्या आरपीएमपर्यंत गाडी गरीब वाटते, आणि मग पॉवर एकदम येते, हात हँडलवर नसते तर माणूस मागेच राहिला असता अशी. पहिल्यांदा चालवणाऱ्याला थ्रॉटल सोडायचं सुचत नाही.

माझ्या भाच्याला मी काटोल रोडवर पहाटे साडेपाचला घेऊन गेलो होतो. पहिले चार रविवार त्याने फक्त थांबायचा सराव केला. ६० वरून शून्य, पुन्हा ६० वरून शून्य, रस्त्याकडेला चुन्याची रेघ मारून. पाचव्या रविवारी तो स्वतःच म्हणाला, "मामा, पुढचा ब्रेक थोडा डावीकडे ओढतोय." ओढत होता. रॉड अर्धा फेरा फिरवला, आणि त्या दिवशी परतीचा रस्ता मी मागच्या सीटवर बसून आलो.